बालस्थौल्य : दायित्व कोणाचे?

स्थौल्याची कारणे सांगताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात गुरु, मधुर, स्निग्ध आहाराचे अतिसेवन, अव्यायाम व दिवास्वाप यांसमवेत बीजस्वभावाचाही उल्लेख केला आहे. बालकाच्या ठायी यांपैकी क्वचितच एखादे कारण स्वाधीन असते. बीज मातापित्यांचे, आहारविहारही बहुधा तेच ठरवितात.

परदेशस्थ शाकाहारी कुटुंबांत हे विशेष जाणवते. पदार्थात मांस नाही, एवढी खात्री पटली की चीज पिझ्झा, तळलेले बटाटे व कोला बालकापुढे येतात. परंतु निरामिष ते सर्व हितकर नव्हे. अमेरिकेतील ३५५ मि.लि. कोलाच्या डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेची १० टक्के ऊर्जेची मर्यादा धरल्यास १६०० कॅलरी घेणाऱ्या बालकाचा दिवसाचा वाटा एका डब्यातच संपतो.

उत्पादक व शासनही उत्तरदायी आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर कर आला. तत्पूर्वीच अनेक उत्पादकांनी साखर घटविली.

चिकित्सेत 'गुरु व अपतर्पण' हे सूत्र असले तरी वाढत्या वयात तीव्र लंघन टाळावे. यव, मूग, ताक परदेशीही मिळतात. त्यांस नित्य मैदानी खेळाची जोड द्यावी. वैद्यांनी पथ्य मात्र संपूर्ण कुटुंबास सांगावे. एकट्या बालकाने पाळावयाचे पथ्य त्यास शिक्षाच वाटते.