परतलेले आणि उठलेला

सटाण्याला चमत्काराची ओळख देव मामलेदारांमुळे आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला आणि तपासणीत तो भरलेलाच आढळला, अशी श्रद्धा बागलाणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गेलेले होते तसे परत येणे, हे या कथेचे मर्म. मृताला उठवण्याच्या आपल्या संतकथांतही तेच दिसते. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या आशीर्वादाने सच्चिदानंद बाबा उठले आणि पुढे ‘ज्ञानेश्वरी’चे लेखनिक झाले. गोरा कुंभारांचे चिखलात तुडवले गेलेले मूल पुन्हा आईच्या कुशीत आले.

येशूचे पुनरुत्थान आपण सहज याच माळेत ओवतो. ख्रिस्ती विचार मात्र दोन गोष्टी वेगळ्या धरतो. नाईन गावच्या विधवेचा मुलगा, याईराची मुलगी आणि चार दिवस कबरेत असलेला लाजर या तिघांना येशूने उठवल्याचे शुभवर्तमाने सांगतात. ते आपापल्या घरी परतले. पण त्यांचे आयुष्य पूर्वीसारखेच मर्त्य राहिले. योहान हा भेद कापडातून दाखवतो. लाजर प्रेतवस्त्रांत गुंडाळलेलाच बाहेर येतो आणि ती इतरांना सोडावी लागतात. येशूच्या कबरेत मात्र वस्त्रे मागेच पडलेली सापडतात. त्याला ती पुन्हा लागणार नाहीत.

मग याला पुनर्जन्म म्हणावे का? तसेही नाही. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा घेतो, मोक्षात देहाचे बंधनच सुटते. इथे तोच देह पालटून उठतो; थोमाला त्यावरच्या जखमाही दिसतात. पौल त्यासाठी बियाण्याचा दाखला देतो. बाजरी पेरणाऱ्याला तो परका वाटू नये: मातीत जातो दाणा, वर येते कणीस.

हा विचार मराठीत रुजवताना शब्दांची अडचण होतीच. इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात वैकुंठासारखे ओळखीचे शब्दच नव्या अर्थाने आले. वाचकाला जवळीक मिळाली आणि जुन्या अर्थांची सावलीही सोबत राहिली.

हा भेद केवळ पंडिती नाही. दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, कॅथलिक कुटुंबे कबरींवर मेणबत्त्या लावतात. मूल गमावलेल्या आईला लाजराची कथा फारसे काही देत नाही. तो चमत्कार एका घरापुरता होता. पौल येशूला ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे मागून पीक यायचे आहे. या श्रद्धेचा भार दफनविधीवरही नाही. १९६३ पासून कॅथलिक चर्चने दहनालाही मुभा दिली आहे. देह मातीत गेला काय किंवा अग्नीत, त्या आईची आशा तीच राहते. तिचे मूल पुन्हा मरण्यासाठी परत यावे, एवढीच ती आशा नाही. मरण जिथे उरणार नाही तिथे ते उठेल, अशी आहे.