पावसाळ्यातला उपास आणि डोंगरचा मध

भोर-वेल्ह्याच्या मधाचा विचार करायचा तर सुरुवात जून महिन्यापासून करावी. लोक सुरुवात करतात ती फाल्गुनापासून, पेटलेल्या पळसापासून आणि लालभडक पांगाऱ्यापासून. ते साहजिक आहे, कारण फोटो तिथेच मिळतात. पण या डोंगरात मधमाशी जगते की मरते, हे ठरतं जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. तेव्हा वरंध घाटाकडच्या आणि मढे घाटाकडच्या बाजूला पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही, फुललेली झाडं कमी असतात, आणि जी असतात त्यांच्यातला मकरंद पाण्यात वाहून जातो. हिरवाई सगळीकडे दिसते, पण माशीच्या दृष्टीनं तो दुष्काळ असतो.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये घेतला. या लेखात मी जुनंच नाव वापरतो, कारण डोंगरावर अजून तेच ऐकू येतं. गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, हिरडस मावळ, रोहिड खोरं ही शिवकाळापासूनची विभागणी मधाच्या दृष्टीनंही उपयोगी आहे. प्रत्येक खोऱ्याचा पाऊस वेगळा, म्हणून फुलोरा वेगळा आणि मधही वेगळा. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर जंगल, आणि पूर्वेला नीरेच्या काठी ऊस. निगड्याचा राजगड सहकारी साखर कारखाना भोर तालुक्यातलाच. पुणे-सातारा रस्त्यावरच्या रसवंतीगृहाच्या चरकाभोवती माश्या घोंगावताना दिसतात, त्या तिथे नाइलाजानं आलेल्या असतात. उसाच्या रसातून त्या जे साठवतात, ते गोड असतं, पण त्याला फुलाचा मध म्हणता येत नाही.

मकरंद म्हणजे मुख्यतः साखरेचं पाणी. फुलागणिक त्यातल्या साखरेचं प्रमाण बदलतं, साधारण २० ते ४० टक्के धरायला हरकत नाही. माशी तो पोटातल्या मधाच्या पिशवीत भरून आणते, तोंडातून तोंडात देते, त्यात आपले पाचक रस मिसळते. त्यामुळे उसाच्या साखरेसारखी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. मग पंखांचा वारा घालून पाणी उडवायचं, ते वीस टक्क्यांच्या खाली आणायचं, आणि मगच मेणाचं झाकण लावायचं. झाकण लागण्याआधी काढलेला मध कच्चा. तो बाटलीत फसफसतो, बूच उडवतो, आणि गिऱ्हाईक भेसळ म्हणून ओरडतं. उलट चांगल्या मधात थंडीत साखरेसारखे कण बसले तरीही गिऱ्हाईक भेसळ म्हणूनच ओरडतं. मध विकणाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत.

उन्हाळ्यातल्या फुलोऱ्याची रांग मोठी आहे. काटेसावर, पळस आणि पांगारा यांच्यावर माशीपेक्षा पक्ष्यांचा हक्क मोठा: बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, सूर्यपक्षी. पुणे भागात नोकरीला असलेल्या कर्नल साइक्सनं १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात त्यानं एका लालभडक सूर्यपक्ष्याचं वर्णन केलं आणि त्याला व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. हा पक्षी सह्याद्रीबाहेर सापडत नाही. आंब्यावरच्या बांडगुळाच्या लांबट फुलांतला मकरंद सूर्यपक्षी पितात, फळं फुलटोचे खातात आणि बी दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतात. आंब्याचा मालक दोघांनाही शिव्या घालत असेल, तर त्याचंही बरोबर आहे.

धायटीची गोष्ट मात्र माणसाच्या जवळची. उतारावरचं हे झुडूप माघ-फाल्गुनात तांबड्या नळीदार फुलांनी भरतं, आणि गुरांमागची पोरं फूल उपटून देठाकडून चोखतात. आयुर्वेदात हेच धातकीपुष्प आसव-अरिष्टांत घालतात, कारण त्यामुळे काढा आंबायला लागतो. पोराच्या जिभेवरचा गोड थेंब आणि औषधी दुकानातली द्राक्षासवाची बाटली यांचं मूळ असं एकाच झुडपात आहे.

त्यानंतर जांभूळ, हिरडा, गेळा आणि पावसाच्या तोंडाशी ऐन. जांभळाचा मध गडद, मागे किंचित कडवटपणा ठेवणारा. बाजारातल्या पिवळ्या पारदर्शक मधाची सवय झालेल्या जिभेला तो जळका वाटतो. माझ्या मते या डोंगरातला सर्वांत लक्षात राहणारा मध हाच आहे. ज्यांना तो आवडत नाही, त्यांना मध नको असतो, गोड हवं असतं.

हा मध करणाऱ्या माश्या एका जातीच्या नाहीत. कड्यांना आणि उंच झाडांना लटकणारी आग्या, पोकळीत आणि पेटीत राहणारी सातेरी, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, आणि नांगीच नसलेली चिमुकली पोया. राजगडावर पर्यटकांवर माश्या तुटून पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या आग्याच्या. अत्तर, धूर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी घेऊन लोक गड चढतात, म्हणून दोष फक्त माशीला देता येत नाही.

आग्याला पावसाळ्याचं गणित माहीत आहे. पाऊस लागण्याआधी ती कडे सोडून जाते आणि पुढे फुलोरा आला की परत येते. सातेरीला तसं जमत नाही. तिला साठ्यावर दिवस काढावे लागतात. म्हणूनच मे महिन्यात पेटीतला सगळा मध काढून घेणारा मधपाळ जुलैत रिकामी पेटी पाहतो. सातेरी उपाशी राहिली की मरतेच असं नाही. बऱ्याचदा ती राणीसकट उठून निघून जाते, आणि मागे मेणकिडा शिरतो. साखरेचा पाक देऊन वसाहत जगवता येते, आणि तो द्यावाही लागतो. पण हा पाक नंतर मधात गेला, तर त्या मधाला डोंगरचा म्हणणं खोटं आहे. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅक ब्रूड या विषाणूनं सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात गेल्या. अशा रोगात उपाशी वसाहत आधी कोसळते, हे कोणताही मधपाळ सांगेल.

पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, म्हणजे रायरेश्वराच्या पठारावरून दक्षिणेला पाहिलं की त्याच डोंगररांगेत. महाबळेश्वरजवळचं मांघर मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. संचालनालयाच्या मधकेंद्र योजनेत पेट्यांवर ५० टक्के अनुदान आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण पेटीचं वाटप मोजता येतं, म्हणून कागदावर पेटीच दिसते. माशीला श्रावणात काय खायला मिळणार, याचा रकाना मला कुठल्या अर्जात दिसलेला नाही.

तो रकाना भरायला डोंगरात दोन गोष्टी आहेत. पहिली कारवी. सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाच्या शेवटी अख्खा उतार जांभळा करून टाकते, बी धरते आणि वाळून जाते. सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत, म्हणून एखाद्या भागात कुठे ना कुठे फुलोरा असण्याची शक्यता असते. कारवीचा मध दाट आणि गडद असतो, आणि ज्या वर्षी तो मिळतो त्या वर्षी त्याचं कौतुक होतं. तिच्याच जातकुळीतली व्हायटी आणि आकरा यांची नावं महाबळेश्वरच्या मधपाळांच्या तोंडी कारवीबरोबरच येतात. वेल्ह्याच्या वाड्यांत कारवीच्या काठ्यांचे कूड शेणामातीनं लिंपून घरं उभी राहत. आता विटा आणि पत्रे आले, कूड गेले. कारवी तोडायची गरज कमी झाली, तशी उतारावर बंगल्यांचे प्लॉट पाडायची घाई वाढली. जेसीबीला सातव्या वर्षाची वाट पाहायची नसते.

दुसरी गोष्ट कारळा, म्हणजे खुरासणी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरईच्या जोडीला हे तेलबियांचं पीक घेतलं जाई. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची पिवळी शेतं उजळतात, तेव्हा उपाशी सातेरी सावरते. इथे शेतकऱ्याचा आणि माशीचा हिशेब जुळतो. भाताला, नाचणीला, वरईला मधमाशी लागत नाही. इंद्रायणी असो की आंबेमोहर, माशी नसली तरी ओंबी भरते. म्हणून भातकरी मावळ्याला माशीचं अगत्य कधी वाटलं नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. कारळ्याचं मात्र तसं नाही. त्याच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे परागकण हवे असतात आणि ते आणून देणारी माशी हवी. कारळ्याची चटणी ताटातून गेली, तेल किराणा दुकानातून येऊ लागलं, आणि भादव्यातलं माशीचं जेवण बंद झालं. ही साखळी मधाच्या चर्चेत क्वचितच कोणी जोडतं.

उलट बाजूला आग आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणून ऐनाच्या फांद्या छाटायच्या. छाटलेला ऐन फुलत नाही, म्हणजे पावसाच्या तोंडचा मध आधीच कमी होतो. हे जुनं चालत आलेलं आहे आणि शेतकऱ्याला त्याची गरज होती. वणव्याचं तसं समर्थन होत नाही. गवत चांगलं येतं या समजुतीपायी उतार पेटवले जातात, कधी सिगारेटचं थोटूक पुरतं. आगीत रोपटी, फुलोरीची पोळी आणि ढोलीतल्या सातेरीच्या वसाहती जातात, आणि पुढच्या पावसात उघडी माती ओढ्यात उतरते.

आग्याचं मोहोळ काढणं हे कातकऱ्यांचं कौशल्य. भोर-वेल्ह्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या वाड्या आहेत. मोहोळ काढायचं ते अंधाऱ्या रात्री, धूर देऊन, दोरावर लोंबकळत. सगळं पोळं कापलं की पिलावळ मरते. मधाचा भाग पोळ्याच्या वरच्या बाजूला असतो, तेवढाच कापला की वसाहत जगते. पण त्यासाठी थांबायला वेळ लागतो, आणि उद्या दुसरा कोणी सगळंच कापून नेणार असेल तर आज कोण थांबेल? २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात मध आणि मेण यांची नावं स्पष्ट घेतली आहेत. आपल्या कड्यावर आपला हक्क आहे अशी खात्री पटली, तर अर्धं पोळं ठेवणं परवडतं.

आपल्या स्वयंपाकघरात मात्र मध फारसा शिरलेला नाही. पुरणाला गूळ, लाडवाला गूळ. मध पंचामृतात, आल्याच्या रसात, खोकल्याच्या चाटणात. सुश्रुतानं मधाचे आठ प्रकार सांगितले आणि तापवू नये असं बजावलं. आज प्रयोगशाळा तापलेल्या मधात वाढणारा एचएमएफ नावाचा पदार्थ मोजते आणि त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम ठेवते. नवजात बाळाला सोन्याच्या अंगठीनं मध चाटवण्याची चाल मात्र सोडलीच पाहिजे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंमुळे बॉटुलिझम होऊ शकतो. आजीला वाईट वाटेल, पण अंगठी कपाळाला लावली तरी चालेल.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं तेरा ब्रँडचे मध तपासले, तेव्हा सर्व चाचण्यांत फक्त तीन उतरले. साखरेचा पाक नेहमीच्या चाचण्या चुकवील असा तयार केला जातो, असं त्या संस्थेचं म्हणणं होतं. अशा बाजारात भोरच्या मधपाळानं स्वस्ताईत उतरू नये. त्यानं बाटलीवर खोऱ्याचं नाव, फुलाचं नाव आणि काढल्याचा महिना लिहावा, आणि जांभळाचा मध जांभळाचा म्हणूनच विकावा. पेट्या वाटणाऱ्यांनी पेटीबरोबर मूठभर कारळ्याचं बी द्यावं. पेरणी जुलै-ऑगस्टमध्ये करायची, वरकसातल्या एका पट्ट्यात, पेट्यांपासून माशीला सहज जाता येईल इतक्या जवळ.