टर्बो कुठे बसवायचा? आधी तेलाला विचारा

आपल्या हाताने गाडी बांधणाऱ्या माणसाला टर्बोचे वेड लागले की त्याचा पहिला प्रश्न असतो, किती ताकद वाढेल? दुसरा, खर्च किती येईल? टर्बो नक्की कुठे बसणार, हा प्रश्न बहुतेकदा टर्बो विकत आणल्यावर पडतो. मग बॉनेट उघडून जिथे हात जाईल तिथे तो अडकवला जातो आणि उरलेले पाइप त्याच्याभोवती वळवले जातात. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. टर्बोची जागा आधी ठरली पाहिजे आणि ती ठरवताना पहिला कौल तेलाचा घेतला पाहिजे.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर निघून जातो. त्या गरम वायूने एक चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवायचे, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. मोटारीत ती यायला अर्धे शतक उलटून गेले. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या विक्रीला आल्या.

मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे सहज घेतो. लहान टर्बो दोन लाखांच्याही पुढे जातात. साध्या टर्बोत हा शाफ्ट धातूच्या बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने येते, त्यामुळे आत येणारी लाइन चार-पाच मिलिमीटरची असली तरी पुरते. अडचण परतीच्या वाटेवर असते. टर्बोतून बाहेर पडताना तेलाचा दाब संपलेला असतो, त्यात हवा मिसळून फेस झालेला असतो आणि ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणून परतीची लाइन आतून किमान पंधरा-सोळा मिलिमीटर हवी आणि ती सतत उताराची हवी. मध्ये कुठेही झोळ नको, वर चढणारे वळण नको. टर्बोचे तेलाचे तोंड सरळ खाली असावे; ओळंब्यापासून फार तर पस्तीस अंश कलले तर चालते. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये ही लाइन तेलाच्या पातळीच्या वर शिरली पाहिजे. सपाट जमिनीवर ती वर दिसते, पण घाटातल्या वळणावर तेल एका अंगाला सरकते आणि तोंड बुडते, तेही धरून जागा निवडावी.

एवढा आग्रह अशासाठी की टर्बोमध्ये क्रँकला असते तसे रबरी ऑइल सील नसते. शाफ्टवर पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते आणि तेल अडते ते मुख्यतः दोन्ही चक्रांमागच्या हवेच्या आणि वायूच्या दाबामुळे. परतीची वाट तुंबली की तेल शाफ्टभोवतीच्या मधल्या घरात साचते आणि कडीवरून टर्बाइनच्या बाजूला उतरते. सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. गाडी ऑइल खाते, टर्बो गेला, असे निदान होते. नवा टर्बो येतो, तोही धूर मारतो, कारण दोष टर्बोत नसून त्याच्या खालच्या पाइपात असतो. जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या असतील तर चेंबरमधला दाबही परतीच्या तेलाला वर ढकलतो. तिथे आधी हा दाब बाहेर सोडणारा ब्रीदर मोकळा करावा लागतो.

पॉर्शेने १९७४ साली ९११ टर्बो आणली, तेव्हा तिच्यापुढेही हीच अडचण होती. तिचे सहा सिलिंडरचे आडवे इंजिन गाडीच्या अगदी मागच्या टोकाला. टर्बोला जागा मिळाली ती त्याच्या मागे, खालच्या बाजूला, जिथून तेल आपोआप परत जाणे शक्य नव्हते. तेव्हा टर्बोखाली तेल साठवायला छोटे भांडे दिले गेले आणि ते तेल ओढून परत पाठवायला कॅमशाफ्टवर चालणारा वेगळा पंप बसवला गेला. टर्बो खाली बसवायचाच असेल तर हा पंप चैनीत मोडत नाही. तो त्या जागेची किंमत आहे.

तेलाची वाट मोकळी असलेल्या जागांची यादी काढली की ती आपोआप आखूड होते. मग उष्णतेकडे यावे. पेट्रोल इंजिनाचा वायू टर्बोपाशी नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. हा वायू टर्बोपर्यंत आणणारा मॅनिफोल्ड स्टेनलेसच्या नळ्यांचा केला, तर अर्धा मीटर लांबीची नळी सातशे अंशांनी तापल्यावर जवळपास सहा मिलिमीटरने वाढते. चार नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या, टोके बोल्टने जखडलेली आणि त्यांच्यावर आठ-दहा किलोचा टर्बो लटकलेला. अशा वेळी वेल्डिंगजवळ तडा जाणारच. टर्बोचे वजन ब्रॅकेटने थेट इंजिनावर घ्यावे, बॉडीवर कधीच नाही, कारण इंजिन फाउंडेशनवर हलते आणि बॉडी स्थिर असते. वजनदार ओतीव लोखंडाचा आखूड मॅनिफोल्ड दिसायला सामान्य वाटतो. रोज चालणाऱ्या गाडीसाठी मी तोच निवडेन. नळ्यांचा समान लांबीचा मॅनिफोल्ड ट्रॅकवर शोभतो, तिथे तो दर शर्यतीनंतर तपासलाही जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. परदेशी पुस्तके, आराखडे आणि तयार किट पुष्कळदा डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी केलेले असतात. समजा, इंजिनाचा एक्झॉस्ट उजव्या बाजूला आहे. अमेरिकेत ती बाजू रिकामी. जपान आणि ब्रिटनमधल्या गाडीत तिथेच स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर. अमेरिकेत सहज बसणारा मॅनिफोल्ड उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत दांड्याला खेटू शकतो. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे, तेव्हा मापे आपल्याच गाडीवर घ्यावीत. ब्रेकच्या तेलाजवळ लालबुंद टर्बाइन आणणे मला कुठल्याच ताकदीसाठी मान्य नाही. उष्णतारोधक पट्टी गुंडाळली की झाले, असे म्हणणारे बरेच भेटतात. पट्टी तेलाने भिजली की तीच पेटते. मध्ये हवेची फट ठेवून पत्र्याचा आडोसा करावा, तो जास्त भरवशाचा.

बॉनेटखाली जागाच नसेल तर टर्बो मागे, सायलेन्सरच्या जागी बसवण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या स्क्वायर्स टर्बो सिस्टिम्सने तशी किट बनवून ती लोकप्रिय केली. तिच्यावर नेहमीचा आक्षेप असा की पाइप एवढा लांब, म्हणजे पिकअप उशिरा येणार. थोडा हिशेब करू. त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाच्या तीन मीटर पाइपात नऊ लिटरांहून थोडी जास्त हवा मावते. दोन लिटरचे इंजिन तीन हजार फेऱ्यांवर टर्बोशिवायही सेकंदाला पन्नास लिटर हवा घेते. पाइपात एक बारचा जादा दाब भरायला लागणारी हवा म्हणजे इंजिनाच्या सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची हवा. एवढ्यासाठी ही जागा बाद करण्याचे कारण नाही.

खरा फरक वायू थंड होण्याने पडतो. नऊशे अंशांचा वायू मागे पोहोचेपर्यंत पाचशेवर आला, तर त्याचे आकारमान दोन-तृतीयांश उरते. त्याच चक्रावर तो कमी जोर देतो, म्हणून मागच्या टर्बोला टर्बाइनचे घर लहान निवडावे लागते. पुढच्या जागेसाठी घेतलेला टर्बो तसाच मागे नेला की गाडी खालच्या फेऱ्यांवर मरगळते आणि दोष पाइपाच्या लांबीवर ढकलला जातो. उलट, टर्बो मागे असल्याने बॉनेटखालचे वायरिंग आणि रबरी होज सुखात राहतात, हा मोठा फायदा.

तरीही कोकणात किंवा घाटमाथ्यावर फिरणाऱ्या गाडीला मी मागचा टर्बो सुचवणार नाही. तो रस्त्यापासून वीतभर उंचीवर असतो. जुलैत रस्त्यावरून वाहणारे पाणी तापलेल्या ओतीव घरावर पडले तर तडा जाण्याची भीती, आणि एअर फिल्टरही तिथेच ठेवला असेल तर पाणी ओढले जाण्याची. त्यात परतीच्या तेलासाठी विजेवर चालणारा पंप लागतो. तो बंद पडला हे चालकाला कळते ते मागून येणाऱ्या धुरावरून, आणि पावसात तोही पटकन दिसत नाही. असा पंप लावलाच तर त्याला दाबाचा किंवा प्रवाहाचा इशारा देणारा दिवा जोडल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

मोठ्या कंपन्यांनी जागेचे जे प्रयोग केले, त्यांतही तेल आणि उष्णता यांचीच ओढाताण दिसते. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये आपल्या व्ही-८ इंजिनाचे एक्झॉस्ट आतल्या बाजूला वळवले आणि दोन्ही टर्बो दोन रांगांच्या मधल्या खाचेत ठेवले. वायूची वाट आखूड झाली, इंजिन अरुंद झाले. पण सगळी उष्णता मध्यभागी कोंडली. म्हणून इंजिन बंद केल्यावरही टर्बोतून पाणी फिरवत राहणारा विजेचा पंप द्यावा लागला. मर्सिडीजने २०१४ च्या फॉर्म्युला वन इंजिनात टर्बोचे दोन भाग लांब केले. टर्बाइन इंजिनाच्या मागे, हवा दाबणारे चक्र पुढे आणि दोघांना जोडणारा शाफ्ट मधल्या खाचेतून. गरम आणि थंड बाजू वेगळ्या झाल्या, पाइप कमी झाले. त्या वर्षीच्या १९ शर्यतींपैकी १६ मर्सिडीजने जिंकल्या. घरच्या गॅरेजात असा शाफ्ट करणे शक्य नाही, पण गरम बाजू थंड बाजूपासून दूर ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे.

पाण्याने थंड होणारा टर्बो मिळत असेल तर तोच घ्यावा. इंजिन बंद झाल्यावर टर्बाइनची धग शाफ्टकडे सरकते, आतले तेल करपून त्याचा कोळसा होतो. पाणी आत येण्याचे तोंड खाली आणि बाहेर जाण्याचे वर, असा टर्बोचा मधला भाग थोडा फिरवून बसवला तर गरम पाणी आपोआप वर चढते, थंड खाली येते आणि पंपाशिवायही फिरणे चालू राहते. हा फायदा फुकटचा आहे. फक्त जागा ठरवताना त्याचा विचार झालेला हवा.

लोखंड कापण्यापूर्वी इंजिन त्याच्या फाउंडेशनवर पूर्ण बसवा. पुठ्ठ्याचा किंवा पीव्हीसीचा टर्बो करून जागेवर बांधा, ओळंबा सोडून परतीच्या लाइनचा उतार बघा, बॉनेट लावून बघा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. इंजिन झोक घेते तेव्हा टर्बोभोवती सगळीकडे बोटभर तरी फट उरली पाहिजे. स्पार्क प्लग आणि ऑइल फिल्टर टर्बो न उतरवता निघतात का, हेही त्याच वेळी बघा.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम स्पष्टपणे उचलून धरले आहे. टर्बो चढवलेली गाडी कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्या आणि तिथे मनसोक्त पळवा. तीच गाडी रस्त्यावर आणायचा विचार असेल तर टर्बोची मागणी नोंदवण्याआधी आरटीओत जाऊन लेखी उत्तर घ्या.