बालवयातील गुंतवणूक

बालरुग्ण विभागातील चित्रपुस्तकांवरील खर्चातून काय साधते, असा रास्त प्रश्न काही देणगीदारांनी विचारला आहे. अमेरिकेतील इप्सिलांटी येथे १९६२ साली पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतील १२३ पैकी ५८ मुलांना बालशिक्षण मिळाले. दिवसाचे काम मुलाने स्वतः ठरवावे, पार पाडावे व त्याचा आढावा घ्यावा, अशी पद्धत होती. बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांतच ओसरली. वर्तनातील सुधारणा मात्र टिकली. वयाच्या चाळिसाव्या वर्षी या मुलांची मिळकत इतरांपेक्षा अधिक, तर अटकेचे प्रसंग कमी आढळले. प्रयोग लहान होता, हे खरे. तरीही अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन व सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचा परतावा दरसाल ७ ते १० टक्के काढला. असा लाभ एका वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही, याची आपण कृपया नोंद घ्यावी.