विश्लेषण : दोनदा आघाडी, तरी पराभव! फुटबॉलमध्ये चेंडू गमावणे एवढे महाग का पडते?

पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावरील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ३ फेब्रुवारी २०२२ रोजी महिला आशिया चषकाचा उपांत्य सामना झाला. गतविजेत्या जपानने चीनविरुद्ध दोनदा आघाडी घेतली आणि दोनदा घालवली. २-२ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये चीनने ४-३ अशी बाजी मारली. भारतीय संघ करोनामुळे आधीच बाहेर पडल्याने आपल्याकडे या लढतीची फारशी चर्चा झाली नाही.

गोल कधी झाले?

रिको उएकीने २६व्या मिनिटाला जपानचे खाते उघडले. मध्यंतरानंतर खेळ सुरू होतो न होतो तोच, ४६व्या मिनिटाला वू चेंगशूने बरोबरी साधली. जादा वेळेत १०३व्या मिनिटाला पुन्हा उएकी, तर ११९व्या मिनिटाला वांग शानशान. चीनचे दोन्ही गोल लक्ष आणि पाय ढिले पडण्याच्या वेळचे.

चेंडू गमावल्याने नेमके काय होते?

आक्रमण करताना संघ पसरतो. बगलेचे बचावपटू पुढे जातात, मधल्या फळीत अंतर पडते. त्याच क्षणी पास चुकला, की प्रतिस्पर्ध्यासमोर मोकळे मैदान! समोरच्या गोलजवळ चेंडू गमावला तर सावरायला वेळ मिळतो. स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर गमावला तर हाती दोन-तीन सेकंदच. चाकणच्या असेंब्ली लाइनवरील कामगाराला हे वेगळे सांगायला नको. शेवटच्या तपासणीत सापडलेला दोष बरेचदा आधीच्या स्टेशनवरचा असतो. इथेही बोल गोलरक्षकाला लागतो. चूक तीन पास आधीची असते.

मग उपाय काय?

डायनॅमो कीव्हचे प्रशिक्षक व्हॅलेरी लोबानोव्स्की यांनी सत्तरच्या दशकातच शास्त्रज्ञ अनातोली झेलेन्त्सोव्ह यांच्या मदतीने खेळाडूंच्या चुकांची मोजदाद सुरू केली होती. पुढे पेप गार्डिओलाच्या बार्सिलोनाने आणि युर्गन क्लॉपच्या संघांनी चेंडू जाताच मागे न पळता तिथेच झडप घालण्याचा मार्ग धरला. पहिल्या पाच-सहा सेकंदांत जवळचे तिघे-चौघे एकदम तुटून पडतात. त्यातला एक जरी रेंगाळला, तरी त्याच फटीतून चेंडू निसटतो आणि पुढे गेलेले सगळे खेळाडू एका पासमध्ये बाद होतात.

अंतिम सामन्यात काय झाले?

६ फेब्रुवारीला नवी मुंबईत दक्षिण कोरिया मध्यंतराला २-० असा पुढे होता. चीनने ६८व्या आणि ७२व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. भरपाई वेळेत शाओ युयीने तिसरा गोल केला आणि चीनने नवव्यांदा आशिया चषक जिंकला.