संगणकावरील संगीत आणि व्यापाऱ्याची पारख

धान्याच्या व्यापाऱ्याने संगीताविषयी, त्यातही संगणकावर घडविल्या जाणाऱ्या संगीताविषयी लेख लिहावा, हे स्मरणिकेच्या वाचकांस काहीसे विलक्षण वाटेल. परंतु आज आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी एखादे तरी मूल कानांना हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसलेले आढळते. त्याला हवे असलेले सॉफ्टवेअर घेऊन द्यावे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न अखेर घरच्या वडीलधाऱ्यापुढेच येतो. माझ्यापुढे तो गेल्या वर्षी आला, आणि तोही नुकसानीच्या वाटेने.

बाग सेवनियातील आमच्या घरी तेव्हा एकच संगणक होता. दिवसा त्यावर करोंद मंडीतील खरेदीच्या नोंदी होत. रात्री तो नातवाच्या स्वाधीन असे. एका परिचित विक्रेत्याने संगीताचे एक भारी किमतीचे परदेशी सॉफ्टवेअर त्याला 'फुकट' घालून दिले. ते कुलूप फोडलेले, म्हणजे उघड उघड चोरीचे होते. त्याच्यासवे आलेल्या विषाणूने शरबती गव्हाच्या ऐन हंगामातील नऊ दिवसांच्या नोंदी नष्ट केल्या. चिठ्ठ्या जुळवून त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी मुनीमजींना व मला पाच रात्री जागाव्या लागल्या.

"आजोबा, सगळे असेच घेतात," एवढेच नातू म्हणाला. मी फार रागावलो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे व भेसळ यांच्याबरोबरच चोराने आणलेला माल घेणे हेही मोजले आहे, हे त्याला ऐकविले. परंतु रागाच्या भरात 'हे संगीतच बंद कर' असे जे बोलून गेलो, ते मात्र मला दोन दिवस बोचत राहिले. त्याने चूक केली होती ती माल घेण्यात. संगीताची आवड धरण्यात नव्हे.

शिवाय या संगीताचे आपल्या देशातील आरंभीचे एक पान एका जैन उद्योगपती घराण्याशीच जोडलेले आहे. अहमदाबादेच्या साराभाई घराण्यातील गौतमभाई व गिराबहेन यांच्या पुढाकाराने १९६१ साली तेथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. त्यांच्या भगिनी गीताबहेन यांनी १९४६ साली न्यूयॉर्क येथे जॉन केज या अमेरिकन संगीतकारास भारतीय संगीताचे पाठ दिले होते आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत जाणून घेतले होते. पुढे १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी या संस्थेत विजेवर नाद निर्माण करणारा मूग सिंथेसायझर बसविला. (मूग हे त्याच्या निर्मात्याचे नाव, धान्याच्या व्यापाऱ्यास हसू येईल, पण डाळीशी त्याचा संबंध नाही.) तेथे १९६९ ते १९७२ या काळात झालेली ध्वनिमुद्रणे संस्थेच्या संग्रहात कित्येक वर्षे पडून होती. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. पुढे मुंबईत चित्रपटांसाठी वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रिका काढली. तिला त्या वेळी गिऱ्हाईक मिळाले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातील रसिक चकित झाले.

त्या काळी याकरिता खोलीभर यंत्रे लागत. आता ती सर्व एका सॉफ्टवेअरच्या पोटात मावतात. नाद निर्माण करणे, गाणे ध्वनिमुद्रित करणे, थर एकमेकांवर रचणे आणि अखेर त्यांचे मिश्रण करणे, ही कामे ते करते. बाजारात असा माल पुष्कळ आहे, आणि वानगी तळहातावर घेतल्यावाचून आपण पोते उचलत नाही, तोच न्याय येथे लावावा.

सुदैवाने वानगी मिळते. बर्लिनचे एबलटन लाइव्ह तीस दिवस चालवून पाहता येते. ठेक्याचे तुकडे वाजते ठेवून जागच्या जागी रचना करणाऱ्यास ते फार सोयीचे, मात्र त्याची पूर्ण आवृत्ती महाग आहे. बेल्जियमच्या एफएल स्टुडिओची वानगी कितीही दिवस वापरावी, परंतु जतन केलेले काम विकत घेतल्यावाचून पुन्हा उघडत नाही. एकदा किंमत दिली की पुढील सर्व सुधारणा विनामूल्य, ही त्यांची अट मला व्यापारी म्हणून विशेष आवडली. रीपर साठ दिवस संपूर्ण वापरता येते आणि घरगुती वापराच्या परवान्यास साठ डॉलर पडतात. एलएमएमएस तर राजरोस विनामूल्य आहे. केवळ संगणकातील वाद्यांवर रचना करणाऱ्या नवशिक्यास ते पुरे, गळ्याचा आवाज मुद्रित करावयाचा असल्यास तितकेसे नाही. लॉजिक प्रो व गॅरेजबँड फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतात, म्हणून आम्ही त्यांचा विचारच केला नाही.

नातवाने पडद्यावरील झगमग पाहून निवड चालविली होती. मी त्याला एकच काम सांगितले : दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गांधार काढून दाखव. पियानोच्या पट्टीत सप्तकाचे बारा स्वर ठोकून बसविलेले असतात. त्यांच्यामधील जागा, झुलणारा स्वर, मींड, हे तिच्यात आपोआप येत नाही. पहिल्या दिवशी जे निघाले ते शाळेच्या घंटेसारखे होते! मग तो स्वतःच शोधू लागला. एफएल स्टुडिओत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय सापडली. एबलटनच्या २०२४ च्या बाराव्या आवृत्तीत स्वरांच्या निरनिराळ्या जुळण्या भरता येतात. सर्ज एक्सटी हा विनामूल्य सिंथेसायझरही तसे करतो, आणि तो रीपरमध्ये जोडता येतो. तिसऱ्या आठवड्यात गांधार झुलला. अगदी घराण्याचा नव्हे, पण झुलला.

यंत्राचीही पारख लागते. संगणक नाद सुटा सुटा हाताळीत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदास ४४,१०० नमुने धरले तर ५१२ नमुन्यांच्या गठ्ठ्यास सेकंदाचे सुमारे बारा सहस्रांश लागतात. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो तो यामुळे. गठ्ठा लहान केला की विलंब घटतो, पण संगणक दुबळा असेल तर आवाज तडकू लागतो. म्हणून साऱ्या पैशांचे सॉफ्टवेअर न घेता काही पैसे बऱ्या हेडफोनसाठी व ध्वनी आत घेणाऱ्या पेटीसाठी राखून ठेवावेत.

अखेर आम्ही रीपर घेतले. सूनबाईंचा तंबोरा आणि मंडीतील लिलावाची बोली, ही दोन्ही नातवास मुद्रित करावयाची होती, आणि त्या कामी तेच सोयीचे ठरले. परवाना त्याच्या नावाने घेतला, साठ डॉलरांची पावती मुनीमजींनी घरखर्चाच्या वहीत चिकटविली, आणि दुकानाच्या नोंदींसाठी दुसरा संगणक आणला. लिलावाच्या बोलीवर त्याने जो ठेका बांधला आहे, त्यात माझाही आवाज आहे. शरबतीचा भाव मी पन्नास रुपयांनी चढविल्याचा.