सतारमेकर गल्ली, मिरज

मिरज म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? जंक्शन! कोल्हापूरला जाताना चहासाठी उतरायचं स्टेशन. आजोबांच्या पिढीला फार तर मिशन हॉस्पिटल आठवेल. २०१६ च्या दुष्काळात इथून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा गाव न्यूज चॅनेलवर झळकलं तेवढंच. पण तुमच्या ऑफिसात कुणी गाणं शिकत असेल ना, तर जरा विचारून बघा. मिरज म्हटल्यावर त्याचे डोळे चमकतील.

मागच्या महिन्यात मी शुक्रवारी रात्री गाडीत बसले आणि शनिवारी सकाळी थेट सतारमेकर गल्ली गाठली. हो, सतारमेकर! मराठी ‘सतार’ आणि इंग्रजी ‘मेकर’ जोडून झालेलं चक्क आडनाव. या घराण्यांचं मूळ आडनाव शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारी, भाले हा त्यांचा धंदा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तलवारींचं मार्केटच बसलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना मात्र गाण्याचा भारी शौक. दरबारात गवई येणार, त्यांची वाद्यं बिघडणार, दुरुस्त कोण करणार? ते काम फरीदसाहेब शिकलगारांकडे आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी दुरुस्ती करता करता नवी वाद्यंच घडवायला घेतली. करिअर चेंजच्या गप्पा आपण कॅण्टीनमध्ये मारतो, या माणसाने तो दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवला.

दुकानात पाऊल टाकलं की आधी दिसतात भोपळे. छताला टांगलेले, कोपऱ्यात रचलेले. हे कडू भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. शेतकरी वेलावर असतानाच त्यांना नीट बसवतात, म्हणजे आकार गोल होतो. मग ते वाळवायचे, भिजवायचे, कापायचे, आतून साफ करायचे. भोपळा हा तानपुऱ्याचा साउंड बॉक्स. त्यावर लाकडी गळा, दांडी, तबली, खुंट्या. नक्षीसाठी पूर्वी हस्तिदंत वापरायचे, आता प्लॅस्टिक. खरं सांगायचं तर मला त्या नक्षीपेक्षा पॉलिश न केलेला कोरा तानपुराच जास्त देखणा वाटला.

पण खरी जादू जवारीत आहे. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसेने इतका किंचित घासायचा की तार त्याला लांबवर हलकेच स्पर्शत राहील. मग तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवायचा आणि नेमकी जागा सापडली की आवाज एकदम ‘उघडतो’. याला मीटर नाही, मशीन नाही. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मी तासभर नुसती बघत बसले. मोबाइलला रेंज असूनही तो बाहेर काढावासा वाटला नाही, यातच काय ते समजा!

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच विसावले आहेत. १९३७ मध्ये ते गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ इथे दरवर्षी उरुसात संगीतसभा रंगते. हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलगी, जन्म मिरजेचाच. विष्णु दिगंबर पलुसकरही इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. एवढ्याशा गावात एवढं गाणं! वाद्यं घडवणारे हाताशी होते, हेही त्यामागचं एक कारण असावं, असं माझं मत.

आता थोडं कडू. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ पासून बाजारात आहे आणि आता तर फुकटचं ॲप मिळतं. रियाजाला तेवढं पुरतं, मग घरात चार-पाच फुटी नाजूक वाद्य कोण सांभाळणार? तेही वन बीएचकेमध्ये? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडचा माल ‘मिरजेचा’ म्हणून विकायला आता कायद्याने मनाई. छानच झालं. पण मानांकन जवारी काढत नाही, ती काढायला वीस वर्षं घासलेला हात लागतो.

तो हात पुढे कोणाचा, हे मी दुकानातल्या चाचांना विचारलं. त्यांनी मागच्या खोलीकडे मान वळवली. तिथे माझ्याच वयाचा एक मुलगा टी-शर्टवर लाकडाचा भुसा घेऊन खुंटी बसवत होता. सोमवार ते शुक्रवार पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरवर, शनिवार-रविवार इथे वडिलांसमोर. कॉम्प्युटरवर पगार आहे, म्हणाला. जवारी अजून जमत नाही, वडील अजून करू देत नाहीत. फक्त ऐकायला बसवतात. रविवारी रात्रीच्या गाडीचं त्याचं तिकीट मात्र काढलेलं होतं.